उखळ पांढरे कुणाचे झाले?

वस्तीत एखाद्या कार्यकर्त्याने जुनी का होईना, चारचाकी घेतली की दुसऱ्या दिवशी चौकात वाक्य ठरलेले: "चळवळीच्या नावावर यानं उखळ पांढरं करून घेतलं." काम करताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याची उलटतपासणी घेणे भाग आहे.

उखळात धान्य कांडले की भुकटी आत बसते, उखळ पांढरे दिसते. ज्याच्या घरी कांडायला भरपूर, त्याचे उखळ कायम पांढरे. म्हणून उखळ पांढरे होणे म्हणजे भरपूर धनलाभ होणे. यात पाप काहीच नाही. पाप येते ते 'करून घेणे' या शब्दांनी. 'झाले' म्हटले की नशीब, 'करून घेतले' म्हटले की लबाडी. आणि गंमत बघा, सावकाराचे उखळ पांढरे 'होते', आमचा पोरगा मात्र ते 'करून घेतो'!

आमच्या आज्या-पणज्यांचे उखळ पांढरे व्हायचे ते खळ्यावरचे बलुते पुरेल तेवढेच दिवस. रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम करायचे, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला हा त्यातला गाभा. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाला ठाऊक होते की धान्य देणारा हात कधीही आखडता घेता येतो, ठरलेल्या पगाराचे तसे नसते. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. महार वतने कायद्याने गेली ती त्यांच्या पश्चात.

आता सांगा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावणारा पोरगा, एका पुस्तकामागे चार पैसे सुटतात म्हणून दोषी कसा? रात्री तो तिथेच फुटपाथवर पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकून झोपतो. त्याने फुकट राबावे, ही अपेक्षा बलुत्याच्याच जातीची आहे.

मात्र जयंतीची वर्गणी गोळा करून हिशेब न देणारे आपल्यातही आहेत. कंत्राटापुरता निळा झेंडा खांद्यावर घेणारेही आहेत. त्यांना हे वाक्य जरूर ऐकवा. पण तोंडावर, पावतीपुस्तक समोर ठेवून. चहाच्या टपरीवर पाठीमागे नको. आमच्याकडे जयंतीचा जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहितात. गेल्या वर्षी साउंडवाल्याचा आकडा वाचून एक आजी तिथेच उभी राहिली, "एवढे कसे रे?" समितीला बिल आणून दाखवावे लागले.