दरवाजे किती फुटांनी उघडायचे?

पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांच्या फोनवर दोनच आकडे फिरत असतात. कोयनेतून किती सोडलं? आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे? ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये नदी ५७ फुटांवर गेली. तेव्हापासून एक प्रश्न आमच्याकडे कायमचा मुक्कामाला आहे : ‘धरणातलं पाणी आधीच सोडायला काय झालं होतं?’

आज तो सोपा वाटतो, कारण पुढे काय झालं हे आपल्याला माहीत आहे. जुलैत धरणावर बसलेल्या अभियंत्याला ते माहीत नसतं.

कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. पावसाळा सरताना धरण भरलेलं लागतं, कारण वर्षभराची वीज आणि टेंभू-ताकारीसारख्या उपसा योजना त्यावर चालतात. पाणी सोडलं आणि नंतर पाऊस रुसला, तर मे महिन्यात आटपाडीचा शेतकरी जाब विचारणार. साठवलं आणि पाऊस कोसळला, तर ऑगस्टमध्ये सांगलीचा दुकानदार. दोघं एकाच जिल्ह्यातले, आणि दोघांचंही बरोबर.

ऐनवेळी घाईनं धरण रिकामंही करता येत नाही. एक लाख क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, असं अख्खा दिवस सोडलं तरी जेमतेम साडेआठ टीएमसी कमी होतं. तेवढ्यात खालची नदी मात्र फुगलेली असते. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाज्याला विचारून येत नाही.

म्हणून कोणत्या तारखेला धरण किती भरू द्यायचं, हे आधीच ठरवून ठेवतात. त्याला रूल कर्व्ह म्हणतात. डोकं शांत असताना केलेला तो निर्णय असतो. पुढे सहा दरवाजे थोडे थोडे उघडायचे, नवे आकडे बघायचे, पुन्हा ठरवायचं.

तरी खरी अडचण वेगळीच आहे. समजा, कुणी वेळेत पाणी सोडून धरणात जागा ठेवली आणि नदी ३८ फुटांवरच थांबली. त्याची बातमी होत नाही. न आलेल्या पुराचा सत्कार कोण करणार? पण पाऊस कमी पडला, तर ‘वाया घालवलेलं’ पाणी सगळ्यांना दिसतं. मग धरण असो की आयटी कंपनी, वरच्या खुर्चीतला माणूस कमी नुकसानीचा पर्याय सोडून कमी बोलणी बसतील असा पर्याय निवडायला लागतो. ही सवय त्याला आपणच लावतो, फक्त निकाल बघून.

विचारायचंच तर असं विचारावं : त्या दिवशी त्याच्यासमोर अंदाज काय होता? धरणात जागा किती होती? ठरलेली पातळी ओलांडली असेल, तर कारण नोंदवलं होतं का? या प्रश्नांतून कधी तो दोषी ठरेल, कधी सुटेल. दोन्ही चालेल.

पण पुराची जोखीम किती आणि टंचाईची किती, हे आटपाडी आणि सांगली यांना समोरासमोर बसवून उन्हाळ्यातच ठरायला हवं. रात्री दोन वाजता, धो धो पावसात, एकट्या माणसावर सोडायची ती गोष्ट नाही.