वाडी आणि हेक्टर

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा मध्य अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आला, असे हवामान खात्याने जाहीर केले. परंतु ते वादळ आपल्याला सोडून उत्तरेस गेले असे आम्हां बुरोंडीकरांना क्षणभरही वाटले नाही, कारण दुपारपर्यंत वाडीतल्या पोफळी मध्यावर मोडून एकमेकींवर पडल्या होत्या, जुने माड मुळांसकट उपटले होते, आणि कौले उडालेल्या घरात वर्षभराच्या बेगमीचे भात कणगीत भिजत होते. त्यातले जेवढे चुलीपाशी पसरून वाळले तेवढे वाचले; बियाण्याची मुडी मात्र कोरड्या कोपऱ्यात होती, म्हणून पेरणीस कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

वाडीचा प्रश्न एवढा सरळ नव्हता. पंचनाम्यास आलेले गृहस्थ सभ्य होते, चिखल तुडवीत त्यांनी एकूण एक झाड पाहिले. पण तक्त्यात रकाना क्षेत्राचा, आणि आमची वाडी काही गुंठ्यांची. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी ५०,००० रुपयांवर नेली हे स्तुत्यच. तथापि त्यातून गुंठ्याच्या वाट्यास सुमारे ५०० रुपये येतात, आणि त्याच गुंठ्यात माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल व तळाशी केळ असा चार मजल्यांचा संसार असतो. पुढे नारळास झाडामागे २५० व सुपारीस ५० रुपयांचा हुकूम निघाला, तेव्हा झाडे मोजावीत ही कोकणची कैफियत सरकारदरबारी पोहोचली खरी. सातबाऱ्यावरील हिस्सेदारांची संमतिपत्रे मिळविणे हे एरवीचे महासंकट. पण टाळेबंदीमुळे चाकरमानी गावीच असल्याने, गणपतीवाचून न भेटणाऱ्या चुलत्यांच्या सह्या एकाच ओटीवर झाल्या!

पोफळीची रोपे पाहण्यास मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे निघालो, तर शेजारच्या काकी म्हणाल्या, “आधी केळी लाव रे, पोफळी मग.” कोवळ्या पोफळीस पश्चिमेचे ऊन सोसत नाही, खोड भाजते, आणि सावली धरणारे माडच गेले होते. म्हणून प्रथम केळी, त्या छातीएवढ्या झाल्यावर पाऊस ओसरताना रोपे, आणि तिथून सुपारी लागेपर्यंत सहा-सात वर्षे! मदतीचा हिशेब पडलेल्या झाडाच्या किमतीपाशी थांबतो. ह्या मधल्या वर्षांची तजवीज करणे हेच माझ्या मते खरे साहाय्य होय. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना निघाली व कोकणातील वरकस जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला. मोडलेल्या वाडीच्या धन्यास आपल्याच वाडीत सावली उभी करण्याची मजुरी त्याच मार्गाने, पीक हाती येईतो, का मिळू नये?

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ समुद्रातून उत्तरेस सरकले आणि आमच्या केळी आडव्या झाल्या. रोपे आखूड म्हणून बचावली, पण उघड्यावर पडली. त्यांवर माडाच्या झावळ्या उभारून, काकींच्या परसातले मुनवे मागून आणून, तीच लागवड आम्ही पुन्हा केली. खाचराचे भात पोटापुरते घरात होते, म्हणून ती करण्याइतका धीर धरता आला.