कॉट बेसिस

पुण्यात शिकलेल्या मंडळींना हा शब्द समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कॉट बेसिस म्हणजे फ्लॅट नाही, खोलीसुद्धा नाही. भाड्याने मिळते ती फक्त कॉट! गादी ज्याची त्याची. एका खोलीत अशा तीन, कधी चार. सोबत कपाटातला एक कप्पा आणि सकाळी बाथरूमच्या रांगेत नंबर.

गेले तीन विकेंड मी हाच उद्योग करतोय. स्वतःसाठी नाही, मामेबहिणीसाठी. तिला पुण्यात एमएस्सीला प्रवेश मिळालाय, विद्यापीठ चौकापासून जवळच. वसतिगृहाच्या जागा मोजक्या, त्यामुळे बाहेर सोय बघणं आलंच.

आमचं नागोठणं म्हणजे अंबा नदीकाठचं, मुंबई-गोवा हायवेवरचं गाव. तिथली पोरं कॉलेजसाठी रोहा, पेण, अगदी पनवेलपर्यंत रोज ये-जा करतात. पुण्याचं तसं जमत नाही. वाकण, पाली, खोपोली, मग घाट... एका बाजूचेच तीन-चार तास. मामांनी आधीच सांगून टाकलं होतं, "जागा मनासारखी मिळाली तर पुणे. नाहीतर पनवेलला बीएड कर, घरून जा-ये." पोरगी काही बोलली नाही. पण तिला बीएड करायचं नाही हे घरातल्या मांजरालाही माहिती आहे. म्हणजे मार्क तिने मिळवले, आणि निकाल लावणार एक कॉट!

सवयीप्रमाणे मी एक्सेल उघडलं. भाडं, डिपॉझिट, अंतर, पाणी, गेट बंद व्हायची वेळ. पहिल्या रविवारी पेठा पालथ्या घातल्या. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षावाल्यांची गर्दी, बऱ्या कॉट आधीच गेलेल्या. दुसऱ्या रविवारी औंध. तिथे एका सोसायटीच्या वॉचमनने गेटवरच विचारलं, "फॅमिली का बॅचलर?" मुलगी आहे, शिकायला आलीय, म्हटलं. "म्हणजे बॅचलरच." संपला विषय.

मग एक चकाचक पीजी. वायफाय, वॉशिंग मशीन, दोन वेळचं जेवण. भाडं ऐकून मामांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. त्यातही मांसाहार बंद. नागोठण्याच्या पोरीला वर्षभर सुकट नाही, सोडे नाहीत! ती म्हणाली, "दादा, मी राहीन. मला चालेल." तिला काहीही चाललं असतं, हाच खरा प्रॉब्लेम होता.

तिसरी जागा खिशाला परवडणारी. मालक गोड बोलायचे. दोन महिन्यांचं डिपॉझिट रोख द्या, म्हणाले. मी कराराचं विचारलं. "अहो, मुलांशी कसला करार? विश्वासावर चालतं." आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदणी केलेला हवा, आणि ती नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. जागा तिथल्या तिथे "कालच बुक झाली" म्हणे.

त्या रात्री फोनवर मामीने विचारलं, "बसस्टॉपपासून दारापर्यंत रात्री उजेड आहे का रे?" माझ्या एक्सेलमध्ये हा कॉलम नव्हता. टाकला. त्या एका कॉलमने निम्मी यादी गळाली.

कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून शिकायला आलेल्यांचा हा प्रश्न काही आजचा नाही. एके काळी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची, आज या घरी, उद्या त्या घरी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली, कारण नुसती शाळा काढून भागत नाही हे त्यांना दिसत होतं. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. आजही कितीतरी मुलं तिथे राहून शिकतात. सरकारची स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, त्यातले राहण्यासाठी २० हजार. दहा महिने धरले तरी महिन्याला दोन हजार. तीन रविवारांत दोन हजारांची कॉट मला एकही दिसली नाही. आम्ही त्या योजनेत बसत नाही, पण जो बसतो त्याने तरी वरचे पैसे आणायचे कुठून?

ऑफिसात आम्ही "टॅलेंट मिळत नाही" म्हणून मीटिंगा घेतो. गावाकडचं किती टॅलेंट डिपॉझिटपाशी अडून माघारी जातं, त्याचा डॅशबोर्ड कोणी बनवलेला नाही.

असो. काल जुन्या सांगवीत जागा ठरली. तीन मुली, घरमालकीण रिटायर्ड नर्स, खालीच राहतात. भाडं ४८००, डिपॉझिट दोन महिन्यांचं, तेही ऑनलाइन. करार रजिस्टर करायचं त्यांनीच आधी काढलं. सुकटीचं मी भीतभीत विचारलं. "भाजा की, फक्त खिडकी उघडी ठेवा," म्हणाल्या.

मामा मात्र गप्प. चारही कोपरे बघितले, कडी दोनदा लावून पाहिली. शेवटी विचारलं, "दुसरी किल्ली कोणाकडे असणार?" बाई म्हणाल्या, "मुलींकडेच. मी वर येताना बेल वाजवते."

मामांनी खिशातून फोन काढला आणि डिपॉझिट पाठवलं.

आता पुढच्या शनिवारी गादी, बादली आणि मामीने भरलेले डबे पोचवायचे आहेत. घाटात पाऊस नको एवढंच. टेम्पो मामांचाच आहे, पण ताडपत्री फाटलीय.