कोळीवाड्यातली उधारी

माझ्या बहिणीची मुलगी व्हिएतनाम फिरून आली. हनोईच्या पदपथावर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून लोक सकाळी सकाळी तांदळाच्या शेवयांचं गरम सार कसं ओरपतात, फ्रेंचांच्या वेळेपासून राहिलेल्या पावात कोथिंबीर-मिरची घालून कसं खातात, आणि मासे व मीठ आंबवून काढलेला रस कशाकशात घालतात, हे ती तासभर सांगत होती. मी विचारलं, "वास नाही गं येत?" तर म्हणते, "मावशी, तीस वर्षं लालबागला राहतेस. वरळी कोळीवाडा पाहिलास कधी?"

खरं सांगू? नव्हता पाहिला. आणि न जाण्याला कारण होतं.

आमच्या चाळीत वरळीहून एक कोळीण येत असे. सासूबाई आणि ती दाराशी बसून अशा भांडत की नवख्या माणसाला वाटावं, आता झिंज्या धरतात! पण चहा घेतल्याशिवाय ती कधी उठली नाही. मार्च २०२० मध्ये पापलेटं घेतली, सुटे नव्हते, "उद्या देते" म्हटलं. तो उद्या काही आला नाही. टाळेबंदी झाली, आणि महिनाअखेरीस कोळीवाडा बंद केल्याचं टी.व्ही.वर पाहिलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यावरही विचारीत, "तिचे दिलेस ना?" एकदा मी "हो, दिले" म्हणून टाकलं. २०२१ मध्ये त्या गेल्या. ते खोटं माझ्यापाशीच राहिलं.

तर परवा भाचीबरोबर निघाले. वरळीच्या उत्तर टोकाला, समुद्रात घुसलेल्या जिभेसारखी ही वस्ती. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून मासळीची टोपली आली तर तुम्हीच भिंतीला चिकटायचं. गोलफादेवीचं दर्शन घेतलं, मग इंग्रजांनी बांधलेल्या जुन्या किल्ल्यावर गेलो. समोर २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू. किनारी रस्त्याच्या पुलाचे दोन खांब ६० मीटर अंतरावर येणार होते. खडकांतून होड्या सुखरूप निघणार कशा? कोळ्यांनी धरून लावलं, आणि शेवटी ते अंतर १२० मीटर झालं. हे मला एका जाळं शिवणाऱ्या आजोबांनी सांगितलं, सुई न थांबवता.

भाचीला खायची घाई. एका दाराशी बाई तव्यावर बोंबील तळत होत्या, बसायला प्लॅस्टिकचं स्टूल, अगदी बुटकं! भाची माझ्याकडे बघून हसली. बोंबील असे कुरकुरीत, की घरी माझे चिखल का होतात म्हणून विचारलंच. त्या म्हणाल्या, चिरून काटा काढा, मीठ लावा आणि पाट्याखाली चांगला अर्धा तास दाबून ठेवा, पाणी सगळं गेलं पाहिजे. मग मसाला, आणि तांदळाचं पीठ अगदी आयत्या वेळी. सोबत तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. वासाचं म्हणाल तर दहा मिनिटांनी मला आलाच नाही.

त्यांनाच आमच्या कोळणीची खूण सांगितली. तीन गल्ल्या पलीकडे घर निघालं. गुडघे गेलेत म्हणून बाजार सोडलाय, उंबऱ्यात कोळंबी सोलत बसली होती. मला पाहून म्हणाली, "लालबागची वयनी ना गो तू?"

मी पाचशेची नोट पुढे केली. तिने हात मागे घेतला. "दोनशे चालीस होते. बाकीचे कशाचे?" मी तर दोनशेच धरून बसले होते! नोट तिने मोडून आणवली आणि दोनशे साठ रुपये माझ्या हातावर मोजले.

मग विचारलं, "म्हातारी कशी हाय?"

सांगितलं. ती बराच वेळ कोळंबी सोलत राहिली. "माझे पैसे ठेवून गेली नसती ती," एवढंच म्हणाली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी खोटं बोलले होते, तेही सांगून टाकलं. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि आत सुनेला हाक मारली, "वयनीला चाय ठेव गो!"

निघताना तिने स्टीलच्या डब्यात सुका जवळा भरून दिला. पैसे घेईना. "डबा परत आणून दे," म्हणाली.

जवळा संपला. डबा घासून ठेवलाय. येत्या रविवारी आमचे हेही यायचं म्हणताहेत.