नेम धरण्यापूर्वी

आम्ही बाळकुमला राहायला आलो तेव्हा गॅलरीतून खाडीकाठची तिवरे दिसत आणि रात्री कशेळीच्या पुलावरचे दिवे मोजता येत. आता समोर इमारत आहे, नाक्यावर मेट्रोचे खांब आहेत आणि नजर पन्नास पावलांवर जाऊन थांबते. दृष्टीचा पल्ला असा आखूड होत असताना, वयाच्या चाळिशीत आम्ही दोघांनी रायफल नेमबाजीच्या प्राथमिक वर्गात नाव घातले आहे. दोघेही मराठीचे प्राध्यापक. आजवर हातात खडूपेक्षा जड असे काही फारसे धरलेले नाही. ही बातमी कळताच विभागातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “विद्यार्थ्यांना इतके कंटाळलात?” आम्ही हसलो, पण प्रश्न अगदीच सोडून देण्याजोगा नव्हता. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसांना बंदूक हाती घ्यावीशी का वाटावी?

आधी गैरसमज दूर करू. लांब पल्ल्याची नेमबाजी म्हटले की डोळ्यांसमोर डोंगर, दुर्बीण आणि किलोमीटरभरावरचे लक्ष्य येते. आमच्याही आले होते. प्रशिक्षकांनी पहिल्याच भेटीत हे चित्र शांतपणे पुसून टाकले. आपल्याकडे नागरिकाचा आणि बंदुकीचा संबंध १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बांधलेला आहे. नवशिक्याच्या हाती प्रथम येते ती ४.५ मिलिमीटर छऱ्याची हवाई रायफल, आणि लक्ष्य असते दहा मीटरांवर. त्यापुढे पॉइंट टू टू रायफल आणि पन्नास मीटर. तीनशे मीटरचा पल्ला त्याहून फार पुढे. “दहा मीटर म्हणजे आमच्या वर्गाची लांबी,” असे आम्ही काहीसे निराश होऊन म्हणालो, तेव्हा त्यांनी दहा मीटरांचे कागदी लक्ष्य पुढे ठेवले. त्याच्या मधोमध जो दहा गुणांचा ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. पूर्णविरामाएवढा. पूर्णविराम कुठे द्यावा हे शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. तो दहा मीटरांवरून द्यायचा, एवढाच काय तो फरक.

खरे कारण मात्र निराळे आहे. गेल्या पावसाळ्यात फळ्यावर लिहिताना आमच्यापैकी एकाच्या हाताला थरथर जाणवू लागली. प्रथम वेलांट्या हलल्या, मग शिरोरेषा. मागच्या बाकांवरून कुणी हसले नाही, हे अधिक झोंबले. त्याच महिन्यात एका बँकेने सही जुळत नाही म्हणून धनादेश परत केला. घरात या गोष्टीला इतिहास आहे. वडिलांची थरथरही अशीच उजव्या हातापासून सुरू झाली होती, आणि शेवटची चार वर्षे त्यांच्या कागदपत्रांवर अंगठा होता. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे अक्षर गावात वाखाणले जाई. मेंदूविकारतज्ज्ञांनी आम्हाला तपासून सांगितले की हा तो आजार नव्हे, निदान आज तरी नव्हे. या ‘आज तरी’मध्ये आम्ही राहतो आहोत. दुसरी गोष्ट दोघांचीही. दोनशे पानांची कादंबरी एका बैठकीत वाचणारी आम्ही माणसे. आता विसाव्या पानावर हात आपसूक फोनकडे जातो. हात थरथरतो आहे तसे लक्षही थरथरते आहे, आणि दुसऱ्या थरथरीसाठी कुठल्या तज्ज्ञाकडे जावे हे कळत नाही.

नेमबाजीचा विचार मनात आला तो १ ऑगस्ट २०२४ रोजी. लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येते. महाविद्यालयात कार्यक्रम होता. तो आटोपून आम्ही शिक्षक-कक्षात आलो, तेव्हा एका फोनभोवती दहा डोकी वाकली होती. पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकाराची अंतिम फेरी चालू होती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस, प्राथमिक फेरीत ५९० गुण मिळवून सातव्या क्रमांकाने तिथे पोचला होता. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून, मग उभ्याने. सुरुवातीला तो मागेच होता. उभ्याने नेम धरणे सर्वांत अवघड, आणि नेमका तिथेच तो वर सरकला. ४५१.४ गुण, कांस्यपदक. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचे वडील शिक्षक, हे ऐकून कक्षात सगळ्यांनाच उगाच आपलेपणा वाटला. आमच्या मनात राहिले ते मात्र दुसरेच. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. मागची गोळी नव्हती आणि पुढचीही नव्हती. इतके रिकामे होता येते?

आम्ही सवयीने आधी शब्दांकडे गेलो. ‘नेम’ हा ‘नियमा’चाच मराठी वंशज. त्यातून आपण एकीकडे एकादशीचा नेम केला, दुसरीकडे कैरीवर दगडाचा नेम धरला. नेमका, नेमस्त, नित्यनेम, नेमणूक ही सगळी एकाच घरची माणसे. ‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ यांचेही तेच: ज्याच्याकडे पाहायचे ते लक्ष्य, आणि पाहण्याची क्रिया ते लक्ष. मराठी माणसाने नेम धरणे आणि नेम पाळणे यांसाठी वेगळे शब्द केले नाहीत, याचे आम्ही वर्गात कौतुक करीत आलो. त्याचा अर्थ मात्र गेल्या तीन महिन्यांत पायांना कळला.

पायांनाच, हातांना नव्हे. प्रशिक्षकांनी वर्ग सुरू होण्याआधी करायची तयारी सांगितली, तीत हातांसाठी जवळजवळ काहीच नव्हते. रोज पंधरा मिनिटे स्थिर उभे राहायचे. डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचे आणि वजन स्नायूंवर न घेता हाडांवर सोडायचे; स्नायू थकतात, हाडे थकत नाहीत. रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. आमच्याकडे ती नाही, म्हणून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे दोन खंड पिशवीत घालून आम्ही ते पेलतो. शब्दांचे वजन असते, हे विधान आम्ही फार वेळा केले होते. आता त्याचा पुरावा खांद्यांत दुखतो. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे आणि आपण कुठे रोखलेले आहोत ते पाहायचे. भिंतीवरच्या ठिपक्यापासून चार बोटे सरकलेलो असलो, तर हात वळवायचा नाही, पाऊल सरकवायचे. हाताने वळवलेला नेम ऐन क्षणी आपल्या मूळ जागी परत जातो. किती विद्यार्थ्यांना आम्ही हाताने वळवले, आणि परीक्षा संपताच ते मूळ जागी परत गेले, याचा हिशेब त्या भिंतीसमोर आपोआप होतो.

श्वासाचेही असेच. श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि त्या थोड्याशा थांब्यात ट्रिगर हळूहळू दाबायचा. सात-आठ सेकंदांत जुळले नाही तर रायफल खाली घ्यायची. वाट पाहून जबरदस्तीने सोडलेली गोळी वाया जाते. “खाली घेणे शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो,” असे ते म्हणाले.

अर्जुनाची गोष्ट आम्हाला प्रत्येकाने ऐकवली. पक्ष्याचा डोळा, बाकी काही नाही. रेंजवर मात्र ती गोष्ट उलटी होते. पीप साइटमधून पाहताना नजर ठेवायची ती नळीच्या टोकाशी असलेल्या फ्रंट साइटच्या कड्यावर. ते कडे रेखीव दिसले पाहिजे आणि पलीकडचे काळे वर्तुळ किंचित धूसर. पक्षी धूसरच असावा, डोळा आपल्या साधनावर असावा. वैऱ्याची गोष्ट अशी की चाळिशीतल्या डोळ्याला नेमके हेच कठीण जाते. पुस्तकाचा चष्मा फार जवळचा, फळ्याचा फार लांबचा. जे पाहायचे ते या दोहोंच्या मध्ये. नेत्रतज्ज्ञांना आम्ही हातभर पुढच्या अंतराचा चष्मा मागितला, तेव्हा त्यांनी विचारले, “असे काय वाचता तुम्ही?”

रविवारी संध्याकाळी आम्ही खाडीकडे जातो. दहा मीटरला वारा लागत नाही, कारण ते बंदिस्त असते. पण पन्नास मीटरला लागतो, आणि तो आधी वाचता आला पाहिजे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून. त्या हरवलेल्या तीन गुणांमागे वारा होता की श्वास, हा आमच्यातला जुना वाद. खाडीच्या पाण्यावरच्या सुरकुत्या, होडीवरचे निशाण आणि तिवरांची पाने एकाच वेळी तीन वेगळ्या दिशा सांगतात, एवढे मात्र आम्ही शिकलो आहोत. कविता शिकवताना हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

राहता राहिली गोळी. बंदुकीची नव्हे, औषधाची. तज्ज्ञांनी थरथरीसाठी प्रोप्रानोलॉल लिहून दिले आहे. फार वाटले तर सुरू करा, असे म्हणून. पुढे वाचताना लक्षात आले की बीटा-ब्लॉकर गटातले हे औषध नेमबाजीच्या स्पर्धांत निषिद्ध आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन पदके त्यापायीच काढून घेतली गेली. प्राथमिक वर्गात आमची कोण तपासणी करणार? तरी चिठ्ठी अजून शब्दकोशाच्या ‘थ’च्या पानात आहे. हे शहाणपण आहे की हट्ट, यावर घरात एकमत नाही. थरथर असलेल्याचे म्हणणे की आधी ती पाहू तरी द्या. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे की वडिलांनीही असेच पाहत पाहत तीन वर्षे घालवली. प्रशिक्षकांना विचारले, तर औषधाबद्दल ते बोलले नाहीत. ते डॉक्टरांना विचारा, म्हणाले. थरथरीबद्दल मात्र म्हणाले की स्थिर रायफल त्यांनी आजवर पाहिलेली नाही, पदकवाल्यांचीही नाही. प्रत्येकाची हलते. हलण्याचे वर्तुळ लहान करत न्यायचे, आणि ते मधून जाताना झडप घालायची नाही.

बंदुकीविषयीचा संकोच अजून गेलेला नाही. पहिल्या भेटीत रिकामी रायफल हाती घेतली, तेव्हा दोघांनाही घाम फुटला. नळी कधीही माणसाकडे नको, रायफल नेहमी भरलेलीच आहे असे समजा, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. इतक्या जपून आम्ही एकमेकांशी बोललो असतो तर बरे झाले असते, असे परतताना रिक्षात वाटून गेले. तसे कुणी बोलून दाखवले नाही.

काल रात्री अर्ज भरला. ‘शिकण्याचा हेतू’ या रकान्यापुढे दोन ओळी होत्या. दोन मराठीचे प्राध्यापक पाऊण तास बसले आणि शेवटी ‘छंद’ एवढेच लिहिले. मग सही. ती करताना आमच्यातला एक थांबला, पेन खाली ठेवले, दोन श्वास घेतले आणि खुर्ची थोडी सरकवली. सहीचा शेवटचा फाटा हललाच. त्याखाली साक्षीदाराची जागा होती. तिथे दुसरीने सही केली.