दहा दिवसांची ठेव

बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या. निवृत्तीनंतर स्वतःची ठेव दुसऱ्याच्या हाती सोपविण्याचा प्रसंग आला, आणि त्या एका व्यवहारात मी सपशेल चुकलो. ती ठेव म्हणजे आमच्या घरातील दोन कुत्री, मोती आणि राणी.

मागील हिवाळ्यात श्री सम्मेदशिखरजीच्या यात्रेचा योग आला. आम्ही उभयता निघणार, मुलगी बंगळूरला, त्यामुळे नेरूळच्या घरी मागे कोणीच नव्हते. पनवेलच्या पुढे कुत्री सांभाळणारी एक जागा असल्याचे कळले. दर कुत्र्यामागे दिवसाला ७०० रुपये. दोघांचे दहा दिवसांचे १४,००० रुपये मी आगाऊ भरले. कार्यालय स्वच्छ होते, भिंतीवर हिरवळीवर बागडणाऱ्या कुत्र्यांची छायाचित्रे होती. आमच्या घरी त्यांना वरण-भात आणि ताक-भाकरीची सवय आहे, तेच देऊ, असे मालकांनी आपणहून सांगितले. "आतील खोल्या पाहता येतील का?" असे मी विचारले. "काका, अनोळखी माणूस आत गेला की बाकीची कुत्री बिथरतात," असे उत्तर मिळाले. मी मान डोलावली आणि परतलो.

येथेच माझी चूक झाली. तारण मालाच्या तपासणीसाठी मी वाशीच्या गोदामांत न कळविता जात असे. बाहेरून भरीव दिसणारी पोत्यांची थप्पी आतून पोकळ असू शकते, हे ठाऊक असल्याने मधली पोती काढावयास लावीत असे. त्या वेळी अनेक व्यापारी बंधू माझ्यावर रुष्टही होत. ज्वारीच्या पोत्यांसाठी जी दक्षता घेतली, ती दोन जिवंत प्राण्यांसाठी मी घेतली नाही.

शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना पूर्ण झाली. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवर मन निवले. परतीचे तिकीट एक दिवस आधीचे मिळाल्याने न कळविता थेट पनवेल गाठले. कार्यालयात कोणी नव्हते, म्हणून आवाजाच्या रोखाने मागे गेलो. पत्र्याच्या शेडखाली जेमतेम अंग वळविता येईल अशा जाळीच्या खोल्या होत्या. मोती हातभर साखळीने बांधलेला होता. पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली होती. राणी कोपऱ्यात बसून होती, तिने मला पाहून शेपटीही हलविली नाही. पाण्याचे भांडे कोरडे होते. सौ.ने पिशवीतील बाटलीचे पाणी ओतले, तेव्हा दोघांनी भांडे चाटून पुसून काढले.

टेबलावर आहाराची नोंदवही होती. बँकेतील माणसाची नजर तिकडे जाणारच. सकाळी वरण-भात, सायंकाळी ताक-भाकरी, वजन ठीक. दहाही दिवसांच्या नोंदी एकाच शाईच्या, एकाच बैठकीतील. त्यात उद्याची नोंदही होती!

सुमारे तीस कुत्र्यांमागे एकच पोरगा कामाला होता. त्याने खाली मान घालून सांगितले, "साहेब, पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही. मी एकटा कोणाकोणाला बघू?" मालक फोनवर म्हणाले, "एका दिवसाचे पैसे परत करतो."

त्या रात्री श्रावकाच्या व्रतांची आठवण झाली. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी पाठशाळेत ते पाठ केले होते, अर्थ त्या शेडमध्ये कळला. आखूड साखळी हा बंध. कोरडे भांडे हा अन्नपाननिरोध. अतिभारारोपण म्हणजे बैलाच्या पाठीवरील ओझे एवढेच मी समजत होतो. पण तीस जीवांचा भार एकट्या पोराच्या खांद्यावर टाकणे हेही तेच नव्हे काय? सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटे लिखाण. ते त्या नोंदवहीत होते.

कायद्याचा विचार केला तर आपला १८७२ चा करार कायदा सांगतो की, ठेवलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी घ्यावी. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६० चा कायदाही आखूड साखळी आणि उपासमार यांना गुन्हा मानतो. मात्र पहिल्या गुन्ह्याचा त्यातील दंड १० ते ५० रुपये एवढाच आहे. अशा दंडाचा धाक कोणास वाटणार? शेवटी सारे माणसाच्या नियतीवरच येते.

आपल्या समाजाला हा विषय नवा नाही. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी बांधव रस्त्यावर उतरले आणि इतर समाजांनीही त्यांना साथ दिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभे राहिले. बाजारातील व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर लागा बसवून त्याचा खर्च चालविला. ती कुत्री त्यांपैकी कोणाचीच नव्हती. मी तर घरची दोन सांभाळू शकलो नाही.

मालकांना मी लेखी तक्रार दिली आणि सर्व रक्कम परत मिळविली. पण त्याने हिशेब जुळला असे मला वाटत नाही. शेड त्यांची होती, परंतु न पाहता विश्वास टाकणारा मी होतो. पुण्य जोडण्याच्या उत्साहात मी माझ्यावर अवलंबून असलेल्या दोन जीवांचे दहा दिवस परक्याच्या हाती दिले होते. वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला तर एवढेच करावे: न कळविता जावे, रात्री कुत्री कोठे निजतात ते पाहावे, पाण्याच्या भांड्यात हात घालावा आणि किती जीवांमागे किती माणसे आहेत ते मोजावे. आत जाऊ देत नसतील तर तेथूनच परत फिरावे.

मोतीच्या मानेवर आता केस आले आहेत. मात्र माळ्यावरील प्रवासी बॅग खाली काढली की दोघेही पलंगाखाली शिरतात आणि हाका मारल्या तरी बाहेर येत नाहीत. यंदा सौ. तिच्या भगिनींसमवेत श्रवणबेळगोळला जाऊन आली. मी घरी राहिलो. सकाळी सामायिक आटोपून डोळे उघडले, तेव्हा राणी सतरंजीच्या कडेला डोके टेकवून शांत निजली होती.