दहा मिनिटांचं माप

माझ्या धाकट्या भावाचं चिंचवडला गॅरेज आहे. दोन रॅम्प, चाकांच्या अलाइनमेंटचं एक मशीन आणि दारात जुन्या टायरांची रास. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, गाड्यांतलं मला काही कळत नाही. माझा मुलगा तिथे जाऊन बसायला लागला, तेव्हा कुठे मी त्या गॅरेजकडे नीट पाहिलं.

मुलगा बारावी सायन्सला फिजिक्समध्ये नापास झाला होता. नातेवाइकांना मी सांगितलं, "पुन्हा तयारी करतोय, इंजिनिअरिंगला जायचंय." तयारी कसली? सकाळी नाश्ता करून मामूकडे जायचा आणि रात्री काळे हात घेऊन परत यायचा. कोणी विचारलं की मी "क्लासला गेलाय" म्हणून मोकळी व्हायची.

पावसाळा सरता सरता गॅरेजमध्ये एक पोर्शे 911 आली. 1990च्या दशकातलं मॉडेल, जाणकार त्याला 993 म्हणतात. मालक इंग्लंडमधली नोकरी संपवून परतताना ती सोबत घेऊन आले होते. कुठेतरी तिचं मागचं सस्पेन्शन खोलून पुन्हा बसवलं गेलं होतं. तेव्हापासून वळणावर खड्डा लागला की गाडी मागून बाजूला सरकायची. मागचे टायर आतल्या कडेने पार झिजले होते.

भावाने मला समजावून सांगितलं. आपल्या साध्या छोट्या गाड्यांना मागे बहुधा एक आडवा बीम असतो. मागच्या चाकांचा कोन बदलायची त्यात सोयच नसते, म्हणून अलाइनमेंट म्हटलं की आपल्याला पुढचीच चाकं आठवतात. या गाडीचं इंजिन तर मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे बराच भार तिकडेच. मागचं प्रत्येक चाक चार-पाच दांड्यांनी धरलेलं. तिथे चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, लावावा लागतो. चाकाचं तोंड आत आहे की बाहेर, म्हणजे टो, तोही लावावा लागतो. शिवाय तिसरी एक गोष्ट असते. चाक खड्ड्यात खालीवर होतं तेव्हा हा टो किती बदलतो, तेही दोन्ही बाजूंना सारखं लागतं. पहिल्या दोन गोष्टी मशीन दाखवतं. तिसरीसाठी कंपनीचं खास टूल लागतं, सस्पेन्शनच्या भागांवर बसवून त्यांचा कल मोजणारं.

ते टूल भावाकडे नव्हतं. मालकांना घाई होती. "मशीनवर सगळे आकडे हिरवे आलेत ना? मग द्या प्रिंटआउट," ते म्हणाले.

"साहेब, मशीन उभ्या गाडीचं सांगतं," भाऊ म्हणाला. "तुम्ही ती एक्स्प्रेस वेवर पळवणार. मला पंधरा दिवस द्या."

मग शोध सुरू झाला. मला वाटलं होतं, यात काय कठीण! आपल्या पट्ट्यात गाड्यांना काय तोटा? 1995 मध्ये मर्सिडीझ पिंपरीतल्या टेल्कोच्या आवारात जुळायला लागली, 2009 मध्ये तिचा कारखाना चाकणला आला. त्याच वर्षी फोक्सवॅगनही चाकणला सुरू झाली, आणि पोर्शे आज त्याच घराण्यातली. पण मामा-भाचे मोटरसायकलवरून भोसरी ते चाकण फिरले आणि रिकाम्या हाताने आले. कारखान्यातली फिक्स्चर तिथे बनणाऱ्या मॉडेलपुरती असतात आणि गेटबाहेर येत नाहीत. पोर्शे तर इथे बनतच नाही. बाहेरून टूल मागवायचं तर भाडं आणि कस्टम धरून त्या कामाच्या मजुरीपेक्षा जास्त खर्च. एका गाडीसाठी कोण घेणार? इकडे एक रॅम्प अडकून पडलेला, आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नव्हता.

एका रात्री मुलाने जेवताना विचारलं, "अम्मी, दहा मिनिटं म्हणजे किती मिलिमीटर?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याने वहीच पुढे केली. एका अंशाचे साठ भाग केले की एकेका भागाला मिनिट म्हणतात. गाडीचा टो असा मिनिटांत मोजतात. सतरा इंची रिम म्हणजे साधारण 432 मिलिमीटर. तेवढ्या अंतरावर दहा मिनिटांचा कोन म्हणजे सव्वा मिलिमीटर. ज्या पोराने वर्षभर फिजिक्सचं पुस्तक उघडलं नव्हतं, त्याने टॅन लावून हा हिशेब काढला होता, तोही कोणी न सांगता. मी ताटात भाजी वाढली, बोलले काही नाही.

वाट अखेर भोसरीच्या एका चाचांनी दाखवली. आयुष्य टूलरूममध्ये घालवलेला माणूस. आता एक लेथ आणि एक सरफेस ग्राइंडर घेऊन छोटं वर्कशॉप चालवतात. ते म्हणाले, "टूल नहीं है तो क्या, नाप तो है." त्यांनी एक जाड पत्रा ग्राइंड करून अगदी सपाट करून दिला. गाडी स्टँडवर समतल उभी केली. स्प्रिंग काढली, म्हणजे चाक हाताने वरखाली करता येतं. पत्रा चाकाच्या जागी हबवर आवळला. त्याला पुढे एक आणि मागे एक असे दोन डायल गेज टेकवले. हे गेज मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतात. मग जॅकने हब दहा-दहा मिलिमीटर वर न्यायचं, तसंच खाली न्यायचं आणि दर टप्प्याला दोन्ही काटे वाचायचे. दोन्हींतल्या फरकात जेवढा बदल, तेवढा टो बदलला. डावी बाजू, मग उजवी. बोल्ट किंचित फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असे तीन दिवस. आकडे लिहायचं काम मुलाकडे होतं.

दुसऱ्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले. एक आकडा जुळत नव्हता. मुलगा म्हणाला, "मामू, वाचताना माझीच चूक झाली असेल, मधला धरून लिहू का?" भावाने वर न बघताच सांगितलं, "अंदाजे से नहीं. फिर से उठा." तो पुन्हा जॅककडे वाकला.

दोन्ही बाजू जुळल्या. मालकांनी गाडी चालवून पाहिली आणि हसत परत आले. पण भावाने बिलाखाली आपल्या हाताने एक ओळ लिहिली होती: "दोन्ही बाजूंचं माप सारखं केलं आहे, आकडे सोबत जोडले आहेत. कंपनीच्या टूलने तपासलेलं नाही." मालकांनी ती दोनदा वाचली. मी मनात म्हटलं, आता पैसे कापतील. त्यांनी पूर्ण पैसे दिले आणि तो कागद घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला.

घरी येताना मी भावाला विचारलं, "ती ओळ लिहायलाच हवी होती का? काम तर नीट झालं होतं."

"आपा, उद्या कोणी खरं टूल लावलं आणि थोडा फरक निघाला, तर? जेवढं मोजलं तेवढंच लिहायचं."

मी गप्प झाले. मुलाबद्दल मी जे सगळ्यांना सांगत होते, त्यात मोजलेलं काय होतं?

पुढच्या महिन्यात नणंदेकडे दावत होती. नेहमीचा प्रश्न आला, "पोरगा काय करतो?" मी सांगितलं, "बारावीत नापास झाला. मामूकडे काम शिकतोय. आयटीआयला टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, त्याचा फॉर्म भरणार आहे. प्रवेश मिळेल की नाही, अजून माहीत नाही."

क्षणभर कोणी बोललं नाही. मुलगा दस्तरखानाच्या पलीकडून माझ्याकडे पाहत होता. मग त्याने मान खाली घातली आणि बिर्याणीची परात माझ्याकडे सरकवली.